ईगल्सचं 'बेस्ट ऑफ माय लव्ह' पहिल्या क्रमांकावर कोणी नेलं?

जुनी_तबकडी (धागाकर्ती)

ईगल्स या अमेरिकन बँडचं नाव काढलं की आपल्याकडे चर्चा 'हॉटेल कॅलिफोर्निया'वर सुरू होते आणि तिथेच संपते. या धाग्यात ते गाणं जरा बाजूला ठेवूया. मला बोलायचंय 'बेस्ट ऑफ माय लव्ह'बद्दल. १ मार्च १९७५च्या बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत ते पहिलं आलं. ईगल्सचं हे पहिलंवहिलं नंबर एक गाणं.

तोवरचा हिशेब बघा. १९७२ साली 'टेक इट ईझी' बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, 'विची वूमन' नवव्यापर्यंत. १९७३चा 'डेस्परॅडो' हा अल्बम आज लोक डोक्यावर घेतात, पण तेव्हा त्यातलं 'टकीला सनराइज' ६४वर अडकलं आणि 'आउटलॉ मॅन' ५९वर. मग मार्च १९७४मध्ये 'ऑन द बॉर्डर' आला. त्यातून असायलम रेकॉर्ड्स या त्यांच्या कंपनीने आधी 'ऑलरेडी गॉन' हे सिंगल (एका गाण्यासाठीची सुटी तबकडी) काढलं, ते ३२पर्यंत चढलं. नंतर 'जेम्स डीन' काढलं, ते ७७वरच थांबलं. आणि 'बेस्ट ऑफ माय लव्ह' बिचारं अल्बमच्या अगदी शेवटी, दुसऱ्या बाजूच्या टोकाला पडून होतं.

ते तिथून उठलं ते मिशिगनमधल्या कॅलमझू या गावामुळे. तिथल्या डब्ल्यूकेएमआय या एएम रेडिओ केंद्राचा संगीत विभाग बघणारा जिम हिग्ज हे गाणं अल्बमवरूनच वारंवार लावायला लागला. श्रोत्यांना ते फार आवडतंय हे दिसल्यावर त्याने असायलम रेकॉर्ड्सला कळवलं. कंपनीने सिंगलच्या १००० प्रती काढल्या, त्याही फक्त कॅलमझू परिसरापुरत्या. नोव्हेंबर १९७४मध्ये सिंगल देशभर आलं आणि चार महिन्यांच्या आत शिखरावर पोचलं.

हिग्जने लावलं नसतं तर हे गाणं अल्बमच्या शेवटीच राहिलं असतं का, हा माझा मुख्य प्रश्न. मला वाटतं, राहिलं असतं. दुसरं असं की ईगल्सला आपण कंट्री रॉक (म्हणजे अमेरिकन ग्रामीण बाजाचं कंट्री संगीत आणि रॉक यांचं मिश्रण) बँड म्हणतो, पण त्यांना शिखरावर नेणारं हे गाणं कंट्री रॉक आहे का? यावर मात्र माझं मत अजून पक्कं नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

---

गिटारवाला_डोंबिवली

'हॉटेल कॅलिफोर्निया' बाजूला ठेवायचं म्हणजे आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा निम्मा कार्यक्रमच रद्द केलात की ताई!

---

निशिगंधा

हे 'बेस्ट ऑफ माय लव्ह' म्हणजे ते नाचायचं गाणं ना? बायकांच्या आवाजातलं?

---

जुनी_तबकडी

@निशिगंधा, ते इमोशन्स या गायिकांच्या गटाचं. नाव तेच, गाणं पूर्ण वेगळं. गंमत म्हणजे तेही १९७७मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ईगल्सचं संथ आहे, बँडमधल्या डॉन हेन्लीने गायलेलं. लिहिलंय हेन्ली, बँडमधलाच ग्लेन फ्राय आणि जे. डी. साउदर या तिघांनी.

---

मिशिगनकर

कॅलमझूचं नाव मराठी धाग्यावर वाचून एवढा आनंद झाला की काम सोडून लिहायला बसलो. मी तिथून तासाभराच्या अंतरावर राहतो.

डेट्रॉइट ते शिकागो महामार्गावर साधारण मध्यावर हे गाव लागतं. विद्यापीठाचं गाव, औषधांच्या कारखान्याचं गाव. आणि संगीतवाल्यांसाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे गिब्सन गिटारचं गाव. १९०२पासून गिब्सन कंपनी इथलीच. १९८४मध्ये इथला कारखाना बंद करून सगळं कंट्री संगीताची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलला नेलं. तेव्हा नॅशव्हिलला न गेलेल्या काही कारागिरांनी १९८५मध्ये त्याच जुन्या इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. कारखान्याचं विटांचं उंच धुराडं आजही आहे. अमेरिकेतल्या किती देशी-विदेशी गाण्यांतल्या गिटारी त्या धुराड्याखाली घडल्या असतील!

आणखी एक धागा जोडतो. ग्लेन फ्राय आमच्याच राज्यातला, डेट्रॉइटशेजारच्या रॉयल ओकचा. कॅलिफोर्नियाला जाण्याआधी १९६८च्या गायक बॉब सीगरच्या 'रॅम्बलिन गॅम्बलिन मॅन'मध्ये मागून ऐकू येणाऱ्या आवाजांत त्याचाही आवाज आहे. लॉस एंजेलिसचा बँड म्हणून ज्यांना सगळे ओळखतात, त्यांना पहिला नंबर मिळवून द्यायला मिशिगनचं केंद्र पुढे आलं याचा आम्हा मिशिगनवाल्यांना सार्थ अभिमान आहे.

---

गिटारवाला_डोंबिवली

मिशिगनकर, त्या धुराड्याचा फोटो टाका ना. गिब्सन हातात घ्यायचं स्वप्न आहे, तूर्तास धुराड्याचं दर्शन तरी होऊ दे :)

---

अनघा_कोथरूड

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. हे कंट्री रॉक नाही. हे उत्तम बांधणीचं पॉप प्रेमगीत आहे. बँजो नाही, घोडदौडीसारखा ताल नाही, रस्ता नाही, ट्रक नाही. 'टेक इट ईझी' ऐका आणि मग हे ऐका. 'टेक इट ईझी'मध्ये बँडमधल्या बर्नी लेडनचा बँजो आहे, विन्स्लो, ॲरिझोना हे खरंखुरं गाव आहे (तिथे १९९९मध्ये गाण्यातल्या त्या गावाच्या ओळीच्या नावाने चौक-बाग केली आणि लोक आजही तिथे उभं राहून फोटो काढतात). ते गाणं कुठल्या तरी मातीतून आलंय. 'बेस्ट ऑफ माय लव्ह' कुठल्याही शहरातल्या कुठल्याही माणसाचं आहे, आणि म्हणूनच ते पहिल्या क्रमांकावर गेलं. मातीचं गाणं १२वर, बिनमातीचं १वर. यादीचं गणित असंच असतं.

---

पेडलस्टील

अनघाताई, या वेळी तुमच्याशी सपशेल असहमत.

हेडफोन लावून पुन्हा ऐका. गाण्याच्या मागे जो लांबत जाणारा, ओघळणारा आवाज आहे तो पेडल स्टीलचा, म्हणजे आडवी ठेवून वाजवायच्या गिटारचा. तोही लेडनचाच हात. बँजो नाही म्हणून कंट्री नाही, असं म्हणता येत नाही. पेडल स्टील हे कंट्री संगीताचं बँजोइतकंच, किंबहुना पन्नासच्या दशकापासून त्याहून जास्त, ओळखीचं वाद्य आहे.

आणि ही माणसं आली कुठून ते बघा. लेडन फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या कंट्री रॉक बँडमधून. रँडी माइझ्नर पोको या तशाच बँडमधून. हेन्ली टेक्ससमधल्या लिंडन या छोट्या गावचा. हे सगळे १९७१मध्ये गायिका लिंडा रॉनस्टॅटच्या मागे वाजवायला एकत्र आले आणि तिथून ईगल्स झाले. १९६८मध्ये बर्ड्स या बँडने गायक ग्रॅम पार्सन्सला घेऊन 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' केला तेव्हापासूनची ही परंपरा आहे. तो अल्बम तेव्हा फारसा विकला गेला नाही. पार्सन्स १९७३मध्ये गेला, वयाच्या २६व्या वर्षी, एकही हिट न देता. म्हणून १ मार्च १९७५ ही तारीख मला मोलाची वाटते. त्या घराण्याच्या बँडने पहिल्यांदाच अमेरिकेतल्या सगळ्या गाण्यांच्या वरची जागा घेतली.

आता ध्वनिमुद्रणाची गोष्ट. पहिले दोन अल्बम लंडनमध्ये ग्लिन जॉन्स या इंग्रज निर्मात्याने केले. त्याला यांची ताकद सुरेल एकत्र गाण्यात दिसत होती. बँडला, विशेषतः फ्रायला, जोरकस रॉक हवं होतं. 'ऑन द बॉर्डर'चं काम अर्ध्यात सोडून ते अमेरिकेत परतले आणि बिल सिम्झिक या निर्मात्याकडे गेले. त्याच टप्प्यावर डॉन फेल्डरची इलेक्ट्रिक गिटार आली. जॉन्सकडच्या कामातली दोनच गाणी अल्बममध्ये उरली, आणि त्यातलंच एक म्हणजे 'बेस्ट ऑफ माय लव्ह'. ज्या आवाजापासून दूर जायला निर्माता बदलला, त्याच आवाजाने पहिला नंबर आणून दिला. ग्लिन जॉन्सच्या कानाला माझा सलाम.

---

अनघा_कोथरूड

पेडल स्टीलचा मुद्दा मान्य, ते आहेच. पण मसाला आणि पदार्थ यात फरक करा. जायफळ घातलं म्हणून प्रत्येक पदार्थ श्रीखंड होत नाही.

---

शास्त्रीकाका

धागा अत्यंत वाचनीय झाला आहे. यादी कशी तयार होत असे यावर थोडे लिहितो, कारण तरुण सभासदांना आजच्या मोजणीची सवय आहे.

१९७५ साली हॉट १००साठी प्रत्यक्ष विक्रीची मोजदाद होत नसे. निवडक दुकाने दर आठवड्याला कोणते सिंगल किती खपते आहे याचा अहवाल देत आणि रेडिओ केंद्रे आपण कोणती गाणी वाजवतो याची यादी देत. दोहोंची सांगड घालून क्रमांक ठरत. बारकोड वाचून झालेली विक्री हॉट १००मध्ये मोजली जाऊ लागली ती १९९१च्या अखेरीस. त्यामुळे त्या काळी एखाद्या केंद्रातील जाणकार माणसाचा शब्द वजनदार असे. शिवाय सिंगलच उपलब्ध नसेल तर गाण्याला यादीत शिरायला वाटच नव्हती. अल्बममधील गाणे कितीही गाजले तरी ते हॉट १००मध्ये येत नसे. म्हणून कॅलमझूच्या त्या १००० तबकड्यांचे महत्त्व. गाण्याला यादीच्या दारात उभे राहण्याची परवानगी प्रथम त्यांनी दिली.

आमच्या पिढीला हे सहज समजते ते बिनाका गीतमालेमुळे. १९५२पासून रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी गाण्यांची क्रमवारी सांगत. तेथेही दुकानांतील खप आणि श्रोता संघांची पत्रे, दोन्ही विचारात घेतली जात. क्रमांक खाली गेला म्हणून शेजारी शेजारी अबोला धरलेला मी पाहिला आहे.

---

कोकणकडा

+१ काका. अबोल्याचं वाचून आमचे आजोबा आठवले. ते रेडिओलाच उलट बोलायचे.

---

म्हापशेकार

गोंयातून नमस्कार.

आमच्याकडे कंट्रीचं वेड फार जुनं. कंट्री गायक जिम रीव्ह्ज घराघरांत. आजीला इंग्रजी येत नव्हतं पण जिम रीव्ह्ज यायचा. लग्नात बँड असतो, आणि रात्र चढली की संथ गाण्यांवर जोडपी नाचतात. मी बरीच वर्षं अशा बँडमध्ये बेस वाजवला. 'बेस्ट ऑफ माय लव्ह' सुरू केलं की म्हातारी जोडपीसुद्धा खुर्चीवरून उठायची. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ला सगळे गातात, पण नाचायला उठत नाहीत, कारण त्याच्यावर हात धरून नाचायचं कसं हे कोणालाच समजत नाही.

अनघाबाईंना एवढंच सांगतो, आमच्या बँडने हे गाणं नेहमी जिम रीव्ह्जच्या गाण्यांना जोडून घेतलं आणि कोणाला सांधा बदलल्यासारखा वाटला नाही. मला वाटतं पेडलस्टील बरोबर आहेत.

---

ओंकार_२००४

नवीन सभासद आहे, सांभाळून घ्या. मी हे गाणं फोनवरच ऐकलंय. पण दोन वेगवेगळ्या लांबीचं मिळतं. एक साडेचार मिनिटांचं, एक साडेतीनच्या आतलं. असं का?

---

जुनी_तबकडी

@ओंकार, छान पकडलंत. लांब आहे ते अल्बमचं, छोटं ते सिंगलचं. एएम केंद्रांना छोटी गाणी हवी असत म्हणून असायलमने बँडला न विचारता कापलं, आणि त्यावरून बँड चांगलाच भडकला होता. मी म्हणेन, भडकायलाच हवं होतं. कडवी श्वास घ्यायला थांबतात ती जागाच कापण्यात गेली. तुम्ही लांबवालंच ऐका.

सिंगलच्या मागच्या बाजूला 'ओल फिफ्टी फाइव्ह' होतं, मूळ टॉम वेट्सचं. तोही तेव्हा असायलमचाच कलाकार.

---

गिटारवाला_डोंबिवली

वाजवणाऱ्यांसाठी: नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हे गाणं वाजतं पण तसं लागत नाही. फ्रायने सांगितलंय की गायिका जोनी मिचेलने दाखवलेलं एक ट्यूनिंग तो लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन भागात आठवून आठवून लावत होता, भलतंच लागलं, आणि त्या भलत्यातून हे गाणं आलं. मोकळ्या तारांचा जो झणकार पहिल्या क्षणापासून ऐकू येतो त्याचं मूळ तिथे आहे.

---

शेरपा

मूळ प्रश्नाला एक पुरवणी. त्या महिन्याच्या नंबर एक गाण्यांची रांग लावून बघा, फार बोलकी आहे.

१५ फेब्रुवारी १९७५ : लिंडा रॉनस्टॅट, 'यू आर नो गुड'. म्हणजे ज्या बाईच्या मागे ईगल्स वाजवत होते ती त्यांच्या आधी दोन आठवडे वर पोचली.
२२ फेब्रुवारी : ॲव्हरेज व्हाइट बँड.
१ मार्च : ईगल्स.
८ मार्च : ऑलिव्हिया न्यूटन-जॉन.
१५ मार्च : डूबी ब्रदर्स, 'ब्लॅक वॉटर'.

'ब्लॅक वॉटर'ची गोष्ट ऐकून तुम्ही उडाल. १९७४मध्ये ते एका सिंगलच्या मागच्या बाजूला दिलं होतं. पुढच्या बाजूचं गाणं फारसं चाललं नाही. पण व्हर्जिनियातल्या रोनोक गावच्या डब्ल्यूआरओव्ही केंद्राने मागची बाजू लावायला सुरुवात केली, कारण त्या भागात ब्लॅकवॉटर नावाचीच नदी वाहते. गाणं तिथे गाजलं, कंपनीने ते मुख्य बाजूला घेऊन पुन्हा काढलं आणि ते पहिलं आलं.

दोन आठवड्यांच्या अंतराने दोन गाणी, दोन्ही कंपनीने मागे टाकलेली, दोन्ही छोट्या गावातल्या केंद्रांनी उचललेली. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. तेव्हा गावातल्या केंद्रात बसलेल्या माणसाला काय लावायचं ते ठरवायची मुभा होती.

---

मिशिगनकर

शेरपा, जबरदस्त! नदीचा किस्सा माहीत नव्हता.

---

कोकणकडा

मग आमच्या वाशिष्ठीवर कोणीतरी इंग्रजी गाणं लिहा रे, चिपळूणवाले नंबर एकला नेतील.

---

पेडलस्टील

शेरपांच्या यादीतल्या ८ मार्चबद्दल. 'कंट्री म्हणजे काय' हे भांडण तेव्हा अमेरिकेतही पेटलेलं होतं. १९७४मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला वर्षातली सर्वोत्तम गायिका ठरवलं. ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉप गायिका! जुने कंट्री कलाकार इतके चिडले की त्यांनी वेगळी संघटना काढली. पुढच्याच वर्षी पॉपकडे झुकणाऱ्या जॉन डेन्व्हरला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा व्यासपीठावर कंट्री गायक चार्ली रिचने त्याच्या नावाचा कागद लायटरने पेटवला.

आता नॅशव्हिलने ईगल्सना काय दिलं ते बघू. १९७५चंच 'लाइन आइज' हॉट १००वर दुसरं आणि कंट्री यादीत आठवं आलं. आणि १९९३मध्ये 'कॉमन थ्रेड' नावाचा अल्बम निघाला, कंट्रीतल्या तेव्हाच्या आघाडीच्या कलाकारांनी गायलेली ईगल्सची गाणी. त्यात 'बेस्ट ऑफ माय लव्ह' गायलंय ब्रुक्स अँड डन या कंट्री जोडीने. त्या अल्बमला १९९४चा कंट्री असोसिएशनचा सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. अनघाताई, ज्या गाण्याला तुम्ही बिनमातीचं म्हणता ते नॅशव्हिलने आपल्या अंगणात लावून घेतलं.

---

अनघा_कोथरूड

ब्रुक्स अँड डनचं आत्ताच ऐकलं. सुंदर आहे, आणि त्यांच्या तोंडी ते नक्कीच कंट्री वाटतं. पण वीस वर्षांत कंट्रीच ईगल्सच्या दिशेने सरकलं होतं, याकडे तुम्ही का बघत नाही? १९९३चं नॅशव्हिल ईगल्स ऐकून मोठं झालेल्यांचं होतं. त्यामुळे त्यांची साक्ष १९७५ला लावता येणार नाही.

आणि पुढे काय झालं तेही बघा. पहिला नंबर मिळाला त्याच वर्षाच्या शेवटी लेडन बँड सोडून गेला. त्याच्या जागी रॉक गिटारवादक जो वॉल्श आला. बँजो गेला, पेडल स्टील गेलं, आणि नंतर 'हॉटेल कॅलिफोर्निया'. पेडलस्टील त्या तारखेला विजय म्हणतात. मला त्याच तारखेपासून कंट्री रॉकची उतरण लागलेली दिसते. यश मिळालं ते कंट्री कमी असलेल्या गाण्याला, आणि बँडने त्यातून घ्यायचा तो बोध घेतला.

---

पेडलस्टील

या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नाही. लेडन गेला याचं मला फार वाईट वाटतं, आजही. त्याच्याशिवायचे ईगल्स मला थोडे परके वाटतात.

---

शास्त्रीकाका

एक आकडा सर्वांनी ध्यानात घ्यावा. ईगल्सची एकूण पाच गाणी हॉट १००मध्ये पहिली आली, १९७५ ते १९७९ या काळात. पाचही केवळ एकेक आठवडा. 'हॉटेल कॅलिफोर्निया'सुद्धा, मे १९७७मध्ये, एकच आठवडा. परंतु फेब्रुवारी १९७६मध्ये आलेला त्यांच्या निवडक गाण्यांचा अल्बम, ज्यात 'बेस्ट ऑफ माय लव्ह' आहे, अमेरिकेत प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवणारा पहिला अल्बम ठरला आणि २०१८मध्ये त्याची नोंद ३८ पट प्लॅटिनम (दहा लाख प्रती म्हणजे एक प्लॅटिनम) अशी झाली. सिंगलची यादी त्या आठवड्याचे सांगते. लोकांनी घरी काय जपले ते या दुसऱ्या आकड्यावरून कळते.

---

ओंकार_२००४

काका, पाचही एकेक आठवडा?! मला वाटायचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' महिनोन्महिने वर असेल.

---

म्हापशेकार

आमच्या लग्नांत तर अजून वरच आहे बाबा.

---

जुनी_तबकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं वाचून माझं मत आता पक्कं झालंय.

कंट्री रॉकबद्दल मी पेडलस्टील यांच्या बाजूने. ते वाद्य, ती माणसं, एकत्र गाण्याची ती पद्धत, सगळं त्या घराण्याचं आहे. गाण्यात ट्रक नसला तरी चालेल. मात्र त्या यशानंतर बँड कुठे वळला याबद्दल अनघाचं म्हणणं मला पटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

हिग्जबद्दल माझं मत आणखी ठाम झालं. शेरपांनी रोनोकचं सांगितल्यावर तर फारच. कंपनीने दोन सिंगल काढून बघितली होती, दुसरं ७७वर थांबलं होतं. अल्बम येऊन सात-आठ महिने झाले होते. कुठलीही कंपनी अशा वेळी पुढच्या अल्बमकडे बघते. ईगल्सही पुढे 'वन ऑफ दीज नाइट्स' करणारच होते, आणि ते १९७५च्या ऑगस्टमध्ये पहिलं आलंही. म्हणजे बँड मोठा झालाच असता. पण हे विशिष्ट गाणं, शेवटच्या जागेवरचं, संथ, कुणी न मागितलेलं, ते आपल्यापर्यंत पोचलं ते एका केंद्रातल्या माणसाने ते पूर्ण ऐकलं आणि पुन्हा लावलं म्हणून. अशा माणसांची नावं तबकडीवर छापत नाहीत, म्हणून मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिलं.

---

मिशिगनकर

गिटारवाला, धुराड्याचा फोटो शनिवारी काढून आणतो. बर्फ वितळलाय.

---

शेरपा

तबकडीताई, आता 'लाइन आइज'वर धागा काढा. सहा मिनिटांच्या वर लांबीचं गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं कसं, यावर माझ्याकडे बरंच आहे.

---

अनघा_कोथरूड

काढाच. त्या गाण्याला मी कंट्री म्हणायला तयार आहे, आधीच सांगून ठेवते.